गणिताचे बक्षीस आणि आपली अक्षयनीवी

(विहाराच्या वर्धापनदिनी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)





समितीने मला सांगितले, "सर, तुम्ही गणिताचे मास्तर. विद्यापीठात गणिताला, संख्याशास्त्राला बक्षिसे असतात म्हणे. मुलांना त्याबद्दल दोन शब्द सांगा." आता वक्त्याचे दोन शब्द म्हणजे नक्की किती, हे गणित आजवर कोणाला सुटलेले नाही. तरी मी घड्याळ समोर काढून ठेवले आहे.

आधी माझ्या मनातली एक खंत सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतला एक मुलगा बी.एस्सी.ला संख्याशास्त्रात कॉलेजात पहिला आला. नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही. आपण त्याचा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, हातभर उंचीची ट्रॉफी, नाक्यावर फोटोचा बॅनर. टाळ्या तर विचारूच नका. त्या पोराला पुढे मुंबई विद्यापीठात, कलिनाला, एम.एस्सी. करायची होती. फी, पुस्तके आणि भिवंडी ते कलिना रोजचे जाणे-येणे, याचा मेळ काही घरात बसला नाही. आज तो बायपासकडच्या एका गोदामात पार्सलांच्या नोंदी ठेवतो. काम कष्टाचे आहे, त्यात कमीपणा अजिबात नाही. पण ट्रॉफी शोकेसमध्ये आहे आणि मुलगा गोदामात आहे. त्या वर्षी सत्कारावर जो खर्च झाला, त्यात त्याची पहिल्या वर्षाची फी निघाली असती का, हा हिशोब आपल्यापैकी कोणीच केला नाही. मीही केला नाही. मी तर गणिताचा मास्तर, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेत बसलो होतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. बक्षीस म्हणजे झालेल्या कामाची पावती, की पुढच्या वाटेची शिदोरी? आज मी जे काही सांगणार आहे, ते या एका प्रश्नाभोवतीच आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. मुलांनो, काढा टक्केवारी. कोण सांगेल? हां, बरोबर, ३७.६ टक्के. आपल्या आजच्या सत्काराच्या यादीला टक्क्यांची अट आहे. त्या अटीप्रमाणे भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला या मंचावर खुर्ची मिळाली नसती! पण त्या काळी अस्पृश्य समाजातला एक मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हातात दिले. एका पुस्तकाची किंमत ती काय असणार? पण त्या पुस्तकाचे व्याज आपण आजही खातो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज त्या सत्काराच्या सभेत पडले होते.

आणि केळुस्कर गुरुजी पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. पुढे शिक्षण पैशावाचून अडले, तेव्हा त्यांनीच खटपट करून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब बी.ए. झाले. नंतर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. म्हणजे बघा, सत्कार झाला, पुस्तक मिळाले आणि पुढच्या दाराची किल्लीही मिळाली. याला म्हणतात सत्कार.

आता गणिताकडे येतो. आपल्या ठाण्याच्या शाळेत शिकलेला एक मुलगा होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळेनंतर तो पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेला. त्या वेळी पुणे विद्यापीठ नव्हते, फर्ग्युसन मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. तिथे गणिताचे एक पारितोषिक होते, रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे. परांजपे हे कोकणातले. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय. कापरेकरांना हे पारितोषिक १९२७ साली मिळाले. कशासाठी? पेपरात जास्त गुण पडले म्हणून नव्हे, तर गणितात स्वतःच्या डोक्याने काही नवीन करून दाखवले म्हणून.

१९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. नाशिकजवळ देवळालीला १९३० पासून १९६२ पर्यंत साधे शाळामास्तर म्हणून नोकरी केली. पण आकड्यांचा नाद सोडला नाही. मोठमोठे पंडित हसायचे, म्हणायचे हे काय पोरखेळ. आता तो पोरखेळ तुम्हीच करून बघा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण आपल्या धम्मदीक्षेचे साल घेऊ, १९५६. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९६५१. चढत्या क्रमाने लावा, १५६९. वजा करा. ८०८२. पुन्हा तसेच. ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ६१७४ ला तेच करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. हे कापरेकरांनी १९४६ साली शोधले आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. आज ६१७४ ला सगळे जग 'कापरेकर स्थिरांक' म्हणते. १९८६ साली ते गेले.

विद्यार्थ्याच्या वयात कोणीतरी त्या मुलाला सांगितले होते, "तुझ्या डोक्यातले हे वेगळे आहे, चांगले आहे." ते पारितोषिक म्हणजे तेवढेच सांगणे होते. ते त्यांना जन्मभर पुरले असावे, असे मला वाटते.

आता माझ्या माता-भगिनींसाठी. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला पहिली येऊन कुलपतींचे सुवर्णपदक कोणी मिळवले? एका मुलीने. ती म्हणजे डॉ. मंगला नारळीकर. पुढे लग्न, संसार, मुली, परदेशातले घर. पण गणित सुटले नाही. १९८१ साली, म्हणजे पदकानंतर १७ वर्षांनी, त्यांनी त्याच मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यांचे 'गणितगप्पा' हे पुस्तक आपल्या विहाराच्या कपाटात असायला हवे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्त्याहत्तर' बरोबर 'सत्तर सात' असे वाचन आले आणि गावभर चर्चा झाली, आठवते ना? बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख याच होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की लहान पोराला गणिताची भीती वाटू नये. १७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे पोरगी बारावीला गणितात चांगली निघाली की आपण काय म्हणतो? "बस झालं आता, पुढे कुठं बँकेत जाऊन बसायचंय?" पदक मिळाल्यावर १७ वर्षांनीसुद्धा शिक्षण पुरे होऊ शकते, हे लक्षात ठेवा. दार बंद करू नका, नुसते लोटून ठेवा.

आता संख्याशास्त्राचे सांगतो आणि त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करतो.

सी. आर. राव हे नाव संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. त्यांची आई पहाटे चारला उठवून दिवा लावून अभ्यासाला बसवायची. आंध्र विद्यापीठातून ते गणितात एम.ए. झाले. संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, पण अर्ज उशिरा पोहोचला म्हणून नाकारला गेला. कामाच्या शोधात कलकत्त्याला गेले आणि तिथे महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. १९४३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या एम.ए.ला त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्रातले आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. केवढा माणूस! पण अर्ज उशिरा गेला तर त्यालाही 'नाही' म्हणूनच उत्तर मिळाले.

माझे तसेच झाले, फक्त पुढचे सुवर्णपदक तेवढे राहिले! मी बी.एस्सी.ला असताना रात्री मागावर जायचो. सकाळी डोळे चोळत वर्गात, तास संपला की घरी झोपायला. नोटीस बोर्डासमोर उभे राहायला वेळ कोणाला? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक बक्षीस होते, त्यासाठी अर्ज मागवले होते. कागद महिनाभर बोर्डावर होता. निकालानंतर ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "अरे, तुझे गुण बसत होते. अर्ज का नाही केलास?" कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मी वाचले नाही आणि मला सांगणारे कोणी नव्हते. आमच्या घरात नोटीस बोर्ड ही काय वस्तू असते हे माहीत असलेला मी पहिलाच.

म्हणून मुलांनो, विद्यापीठाची बक्षिसे कशी असतात ते समजून घ्या. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांनी आई-वडिलांच्या, गुरूंच्या नावाने तिथे रकमा ठेवल्या. ती मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि तिच्या व्याजातून पदक किंवा रोख बक्षीस दिले जाते. प्रत्येकाची अट निराळी. कुठे विषयात सर्वांत जास्त गुण, कुठे मुलींमध्ये पहिली, कुठे मागासवर्गीय विद्यार्थ्यांत पहिला. काही आपोआप मिळतात, काहींना अर्ज लागतो. तेव्हा पहिल्याच वर्षी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, "सर, आमच्या विषयाला कोणती बक्षिसे आहेत, अट काय, तारीख काय?" लाजू नका. विचारणे म्हणजे मागणे नव्हे.

बक्षीस वेगळे, शिष्यवृत्ती वेगळी, हेही समजून घ्या. बक्षीस गुणाचे, शिष्यवृत्ती हक्काची. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात समावेश झाला. ही कोणाची मेहेरबानी नाही. कागदपत्रे वेळेवर काढा, जातीचा दाखला परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधू नका. ज्यांना आकड्यांची खरी गोडी आहे त्यांनी बारावीनंतर भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी. तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन देण्याची पद्धत आहे. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा आहे, पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांची. तिथे पाठांतर चालत नाही, डोके चालवावे लागते.

आता मोठ्यांना सांगतो. मुलांनी जरा गप्पा थांबवा, कारण आता पैशाची गोष्ट आहे.

नाशिकची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत, सहलीला आपण गेलोच होतो. तिथल्या दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते लेणे भिक्खुसंघाला दान दिले. आणि दान देऊन तो मोकळा झाला नाही. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन गावच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत व्यावसायिकांची सोसायटी. कोणाच्या श्रेणी? विणकरांच्या! २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. याला शिलालेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. कधी न संपणारे मुद्दल.

आता हिशोब करा. २००० चे शेकडा एक म्हणजे महिना २०, वर्षाचे २४०. शिलालेखात लिहिले आहे की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. पैचा फरक नाही! आधी गरज मोजली, मग त्यावरून मुद्दल ठरवले. दान भावनेने दिले, पण हिशोबाने दिले.

बंधू-भगिनींनो, विद्यापीठाचे पदक म्हणजे दुसरे काय आहे? हीच अक्षयनीवी. ही रीत आपल्या लेण्यांच्या भिंतीवर कोरलेली आहे. आणि भिवंडी तर विणकरांचेच गाव. १९०० वर्षांपूर्वी विणकरांच्या सोसायटीने भिक्खूंच्या चीवराचा भार वाहिला. मग यंत्रमागाच्या गावातल्या आपल्या विहाराला एका मुलाच्या फीचा भार जड का व्हावा?

माझी सूचना अशी आहे. समजा, आपल्या विहाराशी जोडलेल्या १०० घरांनी प्रत्येकी १००० रुपये दिले. एकदाच. झाले एक लाख. शेकडा सहा व्याज धरले तर वर्षाला सहा हजार. पण सहाही हजार वाटून टाकायचे नाहीत. का? कारण महागाई. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढले तर १२ वर्षांत ते दुप्पट होतात आणि आपले सहा हजार तीन हजारांच्या लायकीचे उरतात. आणखी १२ वर्षांनी दीड हजारांच्या. जुन्या काळच्या बक्षिसांची आज अशीच गत झाली आहे. मूळ देणगी मोठ्या मनाची, पण आज त्या व्याजात एक वहीही येत नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. तो सगळा याच चिंतेतून, की रुपया काय विकत घेऊ शकतो यावर गरिबाचे जगणे ठरते. तेव्हा निम्मे व्याज द्यायचे, निम्मे मुद्दलात टाकायचे, आणि दर वर्धापनदिनी ज्याला जमेल त्याने मुद्दलात भर घालायची.

तीन हजारांत काय होणार, असे कोणी म्हणेल. सुरुवातीला एम.एस्सी.ची फी पूर्ण निघणार नाही, मान्य. पण प्रवेशाच्या दिवशी भरायचे पैसे, रेल्वेचा पास, पुस्तके यातले काहीतरी नक्की निघेल. पुष्कळदा पोरगा तेवढ्यावरच अडलेला असतो.

हे कोणाला द्यायचे? माझे मत सांगतो, निर्णय समितीने घ्यावा. एक, जो मुलगा किंवा मुलगी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र घेईल आणि पुढच्या वर्षात जाईल, त्याच्या फीचा भाग थेट भरावा. दोन, दरवर्षी २२ डिसेंबरच्या, म्हणजे राष्ट्रीय गणित दिनाच्या, जवळच्या रविवारी याच विहारात एक प्रश्नपत्रिका ठेवावी. प्रश्न आपल्या जगण्यातले. एका इंचात इतक्या पिका आणि मीटरला इतकी मजुरी, तर बारा तासांच्या पाळीत माग किती वेळ बंद राहिला तर घरात किती कमी येतात? विजेचे बिल, भिशी, बचत गटाचे व्याज. ज्याची रीत सगळ्यांत वेगळी, त्याला बक्षीस. मग तो वर्गात पस्तीस टक्केवाला असला तरी चालेल. कोण जाणे, त्यातच एखादा कापरेकर बसलेला असेल. तीन, लग्नानंतर अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करणाऱ्या एका भगिनीला मदत.

आणि एक बिनपैशाची गोष्ट. विहाराच्या दाराशी एक फळा लावा. त्यावर प्रत्येक बक्षिसाची, शिष्यवृत्तीची, प्रवेश परीक्षेची शेवटची तारीख लिहा. खडू माझा, लिहिणारही मीच. मला कोणी सांगितले नाही, पण तुम्हाला कोणी सांगितले नाही असे होऊ देणार नाही.

आज ज्यांचा सत्कार झाला त्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. शाल घरी घेऊन जा, आईच्या खांद्यावर घाला, तिचा तो मान आहे. पण उद्या सकाळी आठ वाजता पुढच्या वर्षाच्या फॉर्मची तारीख विचारायला माझ्याकडे या. आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. पोराला "किती टक्के पडले?" हे एकदा विचारा, आणि "पुढे काय लागेल?" हे दोनदा विचारा.

गोदामातल्या त्या मुलाला मी गेल्या महिन्यात भेटलो. म्हणाला, "सर, अजून प्रवेश मिळेल का हो?" मी त्याला म्हटले, मिळेल. हा शब्द मी एकट्याच्या भरवशावर दिलेला नाही, तुमच्या सगळ्यांच्या भरवशावर दिला आहे. मुद्दलाचे पहिले हजार रुपये मी आजच समितीच्या खजिनदारांकडे देत आहे. बाकी ९९ घरे माझ्यासमोर बसलेली आहेत.



नमो बुद्धाय! जयभीम!